दोन सीड्या आणि दादाचे कान

पाऊस ओसरला की आमच्या देवबागात घरं आतून बाहेर येतात. गाद्या, उशा, लग्नातले शालू, मुलीच्या बारावीच्या वह्या, वडलांचा एकुलता एक कोट, सगळं खळ्यात. अंगणाला आम्ही खळं म्हणतो. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे आमची वाळूची पट्टी. चार महिने ओल्या पंच्यात गुंडाळून ठेवल्यासारखे राहतो आम्ही. आश्विनातलं पहिलं खणखणीत ऊन पडलं की जो तो आपापला भुरा, म्हणजे बुरशी, झटकायला बाहेर. त्या सगळ्या पसाऱ्याच्या शेवटी, एका सुपात, माझ्या सीड्या असतात.

परवा सूप घेऊन बसलो, तर बायको शेजारीच चटईवर सुंगटं वाळत घालत होती. सुंगटं म्हणजे कोळंबी. मान वर न करता ती म्हणाली, "अवो, एक द्या टांगूक. कावळे खूप झालेसत."

मी सूप उचललं आणि पडवीत गेलो. दरवर्षी ती हेच म्हणते आणि दरवर्षी मी सूप उचलतो. पंचवीस वर्षांच्या संसारात एवढा एकच विनोद आमच्याकडे टिकला आहे, आणि त्याच्या पोटात तीन वर्षांपूर्वीचा एक अख्खा आश्विन आहे.

सीडीलाही भुरा येतो, हे कोरड्या देशातल्या माणसांना पटत नाही. इंटरनेटवर जुन्या इंग्रजी रॉक संगीताच्या वेड्यांचा एक अड्डा आहे, तिथे मी एकदा हा प्रश्न विचारला होता. कुणा सज्जनाने सांगितलं, की खोलीतला दमटपणा ताब्यात ठेवा. मी कळवलं, आमच्याकडे दमटपणाच आम्हाला ताब्यात ठेवतो. मग माझी पद्धत मीच बसवली. डब्या उन्हात, चकत्या सावलीत. धुवट मलमलीने मधून काठाकडे पुसायचं, गोल गोल पुसायचं नाही. ओरोसच्या कचेरीत आवक-जावक सांभाळणारा माणूस मी, पण सुपासमोर बसलो की माझ्या चेहऱ्यावर शल्यविशारदाचे भाव येतात, असं मुलगी म्हणते. तिला मी उत्तर देत नाही. शस्त्रक्रिया चालू असताना बोलू नये.

या सीड्या दादाने आणलेल्या. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. मालवाहू जहाजावर, इंजिनाच्या पोटात, त्याचं अख्खं आयुष्य गेलं. नऊ महिने समुद्रावर, तीन महिने घरी. दुसऱ्यांचे भाऊ परदेशातून घड्याळं आणत, अत्तरं आणत. दादाने एकदा प्लेअर आणला, दोन स्पीकर आणले आणि मग दर खेपेला दोन-तीन सीड्या. कुठल्या बंदरावर कुठली घेतली हे आतल्या कागदावर पेन्सिलने लिहिलेलं असे. त्या बँडांची नावं घरात कुणाला उच्चारता येत नसत. आई कव्हरावरून ओळखी. एक घोड्याची, एक जळक्या घराची, एक निळी. निळीवर बाकी काही नव्हतं, नुसता निळा रंग आणि कोपऱ्यात एक पांढरं दार.

मी तेव्हा कॉलेजात. दादाने मला ऐकायला शिकवलं, म्हणजे त्याच्या भाषेत, गप बसायला शिकवलं. "बाबल्या, गाणां सगळेच आयकतत. गाण्याच्या मधला आयाक." निळीतल्या पाचव्या गाण्यात एका जागी सगळी वाद्यं थांबतात. गाणारा श्वास घेतो. आणि त्या शांततेत ड्रम वाजवणाऱ्याचं स्टूल कुरकुरतं. कर्र. एवढंच. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुठल्या तरी थंड गावात, बंद खोलीत, एक माणूस बसल्या जागी जरासा सरकला होता आणि ते देवबागात आमच्या पडवीत ऐकू येत होतं. ती जागा आली की दादा डोळे मिटून तर्जनी वर करी. गुरुजी वर्गात "ऐका" म्हणून करतात तशी. दर सुट्टीत, दर वेळी. मी त्या बोटाची वाट बघत गाणं ऐकायचो.

दादा कायमचा घरी आला त्या वर्षी मला वाटलं, त्याला काहीतरी द्यावं. निळीची नवी आवृत्ती निघाली होती. मूळ टेपवरून आवाज पुन्हा घासूनपुसून, उजळून काढलेली. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार करतात तशी. जीर्णोद्धाराबद्दल माझी मतं ठाम आहेत. आमच्या शेजारच्या गावात देवळाचे काळेभोर सागवानी खांब होते. समितीने त्यांना पिवळा ऑइलपेंट फासला आणि खाली नावांची पाटी लावली. तरीही मी नवी निळी मागवली. ठाम मतं असणारी माणसंच अशी खरेदी करतात, मतं तपासून घ्यायला.

आली आणि मी दोन्ही ऐकल्या. एकामागून एक, आठ दिवस. निकाल स्पष्ट होता आणि आजही मी त्यावरून हलणार नाही. नवीत सगळं मोठं होतं. हळू होतं तेही मोठं, मोठं होतं तेही मोठं. जेवणाच्या पंगतीत मीठवाला, भातवाला, आमटीवाला सगळे एकदम तुमच्या पानासमोर येऊन ओरडतात तसं. टेपची जुनीतली बारीक सरसर गेली होती. आणि पाचव्या गाण्यात त्या जागी आता कोरी शांतता होती. स्टूल पुसून टाकलं होतं! कुणा हुशार माणसाला तो दोष वाटला असणार.

मी हे कचेरीत चहाच्या वेळी समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून सहकारी चहा लवकर पिऊ लागले. मग बायकोची परीक्षा घेतली. तिला पाठमोरी बसवलं, कुठली कुठली आहे ते न सांगता दोन्ही लावल्या आणि विचारलं, काय फरक वाटतो? ती लसूण सोलत होती.

"पयलो माणूस समोर बसान गाता," ती म्हणाली, "आणि दुसरो कानात तोंड घालून. झालां? लसणीची सालां पायाक लागतत, उठा."

अड्ड्यावरच्या लोकांनी पानंच्या पानं लिहून जे सांगितलं होतं, ते हिने एका पाकळीत सांगितलं. मला थोडा रागच आला.

दादाला मात्र नवी द्यायचा धीर होईना. एक तर स्टूल गेलेलं. दुसरं म्हणजे तो दादा राहिला नव्हता. घरी येऊन वर्ष झालं होतं आणि माणूस दिवसेंदिवस आखडत चालला होता. हाक मारली तर वळत नसे. चार माणसांत बसला की मधेच उठून जाई. वाडीत लोक म्हणू लागले, शिपवरचो सायब, आमच्याशी कसो बोलात? ते चालून गेलं असतं. पण वहिनीचं तसं नव्हतं. त्या बाईने लग्नानंतरची सगळी वर्षं तीन-तीन महिन्यांच्या तुकड्यांत संसार केला होता. आता अख्खा नवरा घरी आला, तर तो जाब देईना. ती स्वयंपाकघरातून काही विचारी, तो पडवीत वर्तमानपत्रात. ती पुन्हा विचारी, तो उठून खाडीकडे चालू लागे.

नवरात्रात वहिनी घट बसवायला माहेरी नांदगावला गेली, दोन दिवसांसाठी म्हणून. दसरा झाला तरी आली नाही. बायकोने फोन केला तेव्हा म्हणाली, "येवन काय करू गो? भिंतीशी बोलाचां तर भिंती हयसर पण आसत."

दादाला सांगितलं. तो म्हणाला, "रवांदे तिका बरां वाटता तर." आणि पुन्हा वर्तमानपत्र. मला इतका संताप आला की मी कचेरीत जाऊन एका निरपराध माणसाचा अर्ज परत पाठवला.

त्याच आठवड्यात कामामुळे तीन दिवस ओरोसलाच राहून मी घरी आलो आणि खळ्यात शिरता शिरता थांबलो. दोन बांबूंच्या मधे तंगूस बांधला होता, जाळ्याचा तो प्लास्टिकचा दोरा, आणि त्याला एक चकती लोंबत होती. वाऱ्यावर गरगर फिरत होती. तिच्यातून निघालेला उन्हाचा तुकडा खाली सुंगटांवरून, माडाच्या खोडावरून, माझ्या शर्टावरून सरकत होता. कावळे लांब कौलांवर बसून तिच्याकडे आदराने बघत होते.

आमच्या किनाऱ्यावर हे सगळेच करतात. कुणी लग्नाच्या व्हिडिओची सीडी टांगतं, कुणी भजनाची. तिने कुठली टांगली होती हे मला जवळ जाण्याआधीच कळलं. छातीत कळतं ते.

"दोनय सारकेच होते," बायको म्हणाली. "म्हणान जुनी टांगलंय. नवी कशी टांगू? नव्याक पैसे पडले तुमचे."

यावर कुठलाही न्यायाधीश तिच्याच बाजूने निकाल देईल. मी चकती सोडवली. खारा वारा, वाळू आणि एका धीट कावळ्याची चोच, तीन दिवसांत काम झालं होतं. प्लेअरने ती आत घेतली, थोडा वेळ घरघरला आणि बाहेर काढून दिली. आजारी माणसाने पेज परत करावी तशी.

आणि नेमकं दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, दादा कित्येक महिन्यांनी माझ्या खोलीत आला.

"बाबल्या, निळी लाव रे."

मी काय करणार? सांगायला हवं होतं. पण त्याचा चेहरा बघितला आणि जुन्या डबीत नवी चकती घालून लावली. पाचव्या गाण्यापाशी तो उठून माझी मान धरणार, एवढं मला दिसत होतं. त्याच्यासाठी मी वाक्यही तयार ठेवलं होतं, बायकोचं नाव पुढे करून.

दादा डोळे मिटून बसला. सुरुवातीलाच म्हणाला, "आज बरां आयकाक येता. आवाज वाडवलंस?" मी वाढवला नव्हता. पाचवं गाणं आलं. वाद्यं थांबली. गाणाऱ्याने श्वास घेतला. कोरी, पुसलेली शांतता.

दादाने तर्जनी वर केली.

नेमक्या जागी. चेहऱ्यावर तेच जुनं समाधान. "आयकलंस?" तो म्हणाला. "मेलो अजून तसोच कुरकुरता."

मी "हो" म्हणालो. गाणं पुढे गेलं, पण मला काही ऐकू येईना. जिथे काहीच नव्हतं तिथे त्याचं बोट उठलं होतं. मग ते बोट आजवर कितीदा नुसत्या आठवणीवर उठलं असेल? इंजिनाच्या धडधडाटात तीस वर्षं काढलेले कान. हाका न ऐकणारा, चौघांतून उठून जाणारा, बायकोला जाब न देणारा माणूस. आम्ही त्याला गर्विष्ठ ठरवून मोकळे झालो होतो. मला स्वतःचीच लाज वाटली. मी आठ दिवस दोन चकत्यांतला केसाएवढा फरक शोधत होतो आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला ऐकू येत नाही, हे मला समजलं नव्हतं.

त्याला सांगायचं कसं? दादा ताप आला तरी "ऊन लागलां" म्हणणारा. कानाचं नाव काढलं असतं तर त्याने महिनाभर माझ्याशी बोलणं सोडलं असतं, आणि वहिनी नांदगावलाच राहिली असती. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी, रजा टाकून, मी माझेच कान पुढे केले.

"दादा," मी समोर बसून, मोठ्याने म्हणालो, "माझ्या कानात शिटी वाजल्यासारखां होता. कुडाळाक डॉक्टरीणबाईकडे जावक व्हया. तू चल सोबत. माका एकट्याक भिती वाटता."

"कानाक कसली भिती? मेल्या, बायलमाणूस काय तू?" असं म्हणत तो शर्ट घालायला गेला.

तिथे एक काचेची लहान खोली होती. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. आधी मी बसलो, नाटकाचा भाग म्हणून. बाहेर आल्यावर दादाला म्हटलं, इलंस तसो तू पण बस, मशीन बरां आसा. यंत्र म्हटल्यावर दादा भुलतोच. तो आत बसला आणि तालात बटण दाबू लागला. दाब, थांब, दाब, थांब. इंजिनाचे ठोके मोजावेत तसं. मला काचेतून दिसत होतं, डॉक्टरीणबाईंचा हात यंत्रावर नव्हताच.

त्यांनी दार उघडलं. तरुण होत्या, पण घाईत नव्हत्या. "काका, आवाज आला की मगच दाबायचं हं."

"आला म्हणूनच दाबलं मी," दादा शुद्ध मराठीत म्हणाला. परक्यांसमोर तो असाच बोलतो, ताठ.

"मी अजून लावलाच नव्हता, काका."

दादाने बटणाकडे बघितलं. मग काचेतून माझ्याकडे. मी घाईने भिंतीवरचं कानाचं चित्र वाचू लागलो.

दुसऱ्यांदा त्याने खरी परीक्षा दिली. कागदावर रेघ आली. डावीकडे, जाड आवाजांपाशी, बरी, मग कड्यावरून उडी मारल्यासारखी थेट खाली. ऐकायचं यंत्र घ्यावं लागेल, बाईंनी सांगितलं, आठ-दहा दिवसांत येईल. बायकांचे, मुलांचे बारीक आवाज सगळ्यात आधी जातात, हेही सांगितलं. मी समजूतदारपणे मान हलवत होतो. तेवढ्यात त्यांनी दुसरा कागद पुढे केला.

"आणि हा तुमचा."

माझी रेघ आंबोली घाटासारखी, वळणं घेत, पण उतरतच गेली होती. डावा कान जास्त गेलेला. अगदी बारीक आवाज, ती टेपची सरसर वगैरे, मला बहुधा बरीच वर्षं ऐकूच येत नसणार, असं त्या रेघेचं म्हणणं होतं. मग आठ दिवस मी ऐकलं ते काय? तो विषय मी अड्ड्यावर काढलेला नाही. मूळ आवृत्तीच चांगली, हे माझं मत कायम आहे. मत असायला कान लागतात असं कुठे लिहिलंय? फक्त आता मी बोट दाखवून सांगत नाही एवढंच. नवी चकती जुन्या डबीत होती, हेही दादाला अजून सांगितलेलं नाही. हे वाचल्यावर कळेलच. वाचायला त्याला चष्मा पुरतो.

बाहेर पडलो. एसटी स्टँडवर मी दोन लिंबूसरबतं घेतली. दादा कागदाची घडी खिशात घालत होता, काढत होता, पुन्हा घालत होता.

"किती वर्सा झाली असतीत रे?"

"बाई म्हणाले, दहा तरी."

त्याने कागद पुन्हा खिशात घातला. मग म्हणाला, "माका वाटायचां, ती मुद्दाम हळू बोलता. तोंडातल्या तोंडात. माजो राग येता म्हणान पुटपुटता असां वाटायचां. म्हणान मी उठान जायचंय."

सरबताचा पेला मी उगाच हलवत राहिलो.

"नांदगावाची गाडी कितीक?" त्याने विचारलं.

"दादा, आज? यंत्र येवंदे आदी. आठ-दहा दिवसांचो प्रश्न आसा."

"गाडी कितीक, ता सांग."

नांदगावला हायवेवर उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. वहिनीच्या भावाच्या खळ्यात पोफळीच्या सुपाऱ्या वाळत होत्या. वहिनी आमच्याकडे पाठ करून त्या हाताने परतत होती. पावलं वाजली तशी तिने वळून बघितलं, दादाला बघितलं, आणि पुन्हा सुपाऱ्यांकडे वळली. पाठमोरीच काहीतरी बोलली. हळू. मलाही नीट कळलं नाही, पण माझी सबब आता लेखी होती.

मी दादाकडे बघितलं. हाच तो क्षण, जिथे तो ऐकल्यासारखं करतो किंवा पाठ फिरवून चालू लागतो.

दादा दोन पावलं पुढे गेला. सुपाऱ्या तुडवणार नाही असा, जपून.

"माका आयकाक येत नाय गो," तो म्हणाला. अंदाज नसल्यामुळे फार मोठ्याने म्हणाला. शेजारच्या पडवीतली दोन माणसं उभी राहिली. "कान गेलेसत माजे. काय म्हणालंस तू? परत सांग."

वहिनीचे हात थांबले. ती उठली, पदराने हात पुसले, वळून त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. आणि शेजाऱ्यांना, तिच्या भावाला, हायवेवरून जाणाऱ्या गाड्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"म्हटलंय, जेवलात काय!"